नारबोदीला चेहरा नसतो

श्रावण लागला की माझ्या वर्गातील मुलामुलींच्या मोबाइलवर निराळीच पंचांगे उघडू लागतात. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी मैत्री दिन, १२ तारखेला हत्ती दिन, १३ ला डावखुऱ्यांचा दिवस, १९ ला छायाचित्रण दिन, २६ ला कुत्र्यांचा दिवस. 'उतरत्या उन्हाळ्यात साजरे करण्याजोगे गमतीदार दिवस' अशा अर्थाच्या मथळ्याची एक यादी मागे एका विद्यार्थिनीने मला पाठविली आणि खाली लिहिले, "मॅडम, आपल्याकडे असे मजेशीर दिवस का नाहीत?"

प्रथम हसू आले ते 'उतरत्या उन्हाळ्या'चे. ज्या काळाला ती यादी उतरता उन्हाळा म्हणत होती, त्या काळात आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात रोवणी नुकतीच आटोपलेली असते. बांध्यांमधून पाणी भरलेले असते, पऱ्हे मूळ धरून हिरवे होऊ लागलेले असतात आणि इटियाडोह भरला की नाही हा गावोगावच्या बोलण्याचा विषय असतो. ऋतूच जिथे भाषांतरित होत नाही, तिथे त्या ऋतूतले सण कसे होणार? पण हसून झाल्यावर मात्र त्या प्रश्नाने अस्वस्थ केले. कारण प्रश्न विचारणारी मुलगी प्रतापगडची होती. त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, तिच्याच गल्लीतून नारबोद निघणार होती. जगातील कोणत्याही गमतीदार यादीत पहिल्या पाचांत बसावा असा तो दिवस. आणि तो तिला 'दिवस' वाटतच नव्हता.

हे असे का व्हावे, याचा विचार करताना मला नारबोदीविषयीच काही सांगावेसे वाटू लागले. ते प्रस्तुत लेखात मांडते आहे. वाचक बहुतांशी साहित्याचे विद्यार्थी आणि शिक्षक आहेत, म्हणून हा विषय भाषेचा आहे हे आधीच सांगून ठेवते.

गमतीदार दिवस जन्माला कसे येतात ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत १९५७ पासून अशा दिवसांची नोंद ठेवणारे 'चेसेस कॅलेंडर' हे वार्षिक निघते. कोणीही आपला दिवस सुचवावा आणि संपादकांना पटला तर तो तिथे छापला जावा, अशी पद्धत. या दिवसांतील मला सर्वांत आवडलेला दिवस १९ सप्टेंबरचा. तो 'समुद्री चाच्यांसारखे बोलण्याचा दिवस' आहे. १९९५ साली ऑरेगन राज्यातील जॉन बाउर आणि मार्क समर्स या दोन मित्रांनी चेंडूफळीचा एक खेळ खेळताना सहज गंमत म्हणून तो काढला. पुढे २००२ मध्ये डेव्ह बॅरी या विनोदी स्तंभलेखकाने त्यावर लिहिले आणि तो जगभर गेला. त्या दिवशी लोक एकमेकांशी चाच्यांच्या थाटात, आरोळ्या ठोकीत बोलतात. एवढेच.

आमच्या पिढीतील मराठीच्या अध्यापकांना अशा प्रकारांवर नाक मुरडण्याची सवय आहे. मला तसे करावेसे वाटत नाही. एक संपूर्ण दिवस केवळ बोलण्याच्या ढंगासाठी राखून ठेवावा, ही कल्पना भाषेच्या माणसाला आवडलीच पाहिजे. शिवाय आपण तरी काय वेगळे करतो? महाविद्यालयात परिपत्रक येते, त्यानुसार 'दिन' साजरा होतो, प्रतिमेला हार घातला जातो, पाठीमागे फलक लावला जातो, छायाचित्र काढून अहवालाला जोडले जाते. ८ सप्टेंबरचा साक्षरता दिन युनेस्कोने १९६७ पासून पाळायला घेतला तो केवढ्या मोठ्या हेतूने. आमच्याकडे त्याचा उरतो तो फोटो. चाच्यांच्या दिवशी निदान माणसे बोलतात तरी.

तेव्हा उणीव गमतीची नव्हे. या दिवसांत उणे असते ते हे की ते आपल्याकडून काही मागत नाहीत. याउलट आपल्या शिवारातील श्रावण-भाद्रपदाचे दिवस घ्या. शेजारच्या छत्तीसगडात हरेलीला लोहार घरोघर जाऊन दाराच्या चौकटीत खिळा ठोकतो. त्याला धान द्यावे लागते. भुजली वा भोजली राखीच्या दुसऱ्या दिवशी शिरवितात. टोपलीत उगविलेले पिवळसर कोंब पाण्यात सोडायचे, थोडे घरी आणायचे आणि ज्याच्याशी मैत्र जोडायचे त्याच्या कानामागे खोवायचे. छत्तीसगडी रिवाजात त्यानंतर त्या मैत्राला नावाने हाक मारीत नाहीत. दोघी एकमेकींना 'भोजली' म्हणतात आणि ते नाते जन्मभर पाळावे लागते. मैत्री दिनाचा रंगीत पट्टा मनगटावरून दोन दिवसांत उतरतो. भोजलीत मात्र स्वतःच्या ओठांवरचे एक नाव कायमचे गहाण टाकावे लागते.

पोळ्याचे तर सांगायलाच नको. आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे शेकून त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण द्यायचे. ज्याने वर्षभर ओढले त्याच्या मानेवर त्या दिवशी जू ठेवायचे नाही. आणि बैल सजवून घरोघर नेणाऱ्या गड्याच्या हाती बोजारा ठेवायचा. तोरणाखाली उभे राहून लोक झडत्या म्हणतात, त्यांत देवादिकांपासून पुढाऱ्यांपर्यंत कोणी सुटत नाही. म्हणजे जनावराचे ऋण, मजुराचे ऋण आणि बोलण्याची मुभा अशा तीन गोष्टी त्या दिवशी एकत्र येतात. आता ट्रॅक्टर आले, बैलजोड्या कमी झाल्या आणि काही गावांत तोरणाखाली उभे राहायला बैल मोजकेच उरले. मागणारा सण देणाऱ्या परिस्थितीवर अवलंबून असतो. परिस्थिती बदलली की तो हळूहळू देखावा होऊ लागतो. ही काळजी खरी आहे. परंतु तो स्वतंत्र विषय आहे. असो.

पोळा अमावास्येला. दुसऱ्या दिवशी पाडवा, आणि त्या पहाटे नारबोद. भंडारा-गोंदियाकडील आमचा हा शब्द. नागपूरकडे तिला मारबत म्हणतात. पोळ्याच्या दिवशी दाराशी पळसाच्या फांद्या ठेवलेल्या असतात. त्यांना मेढे म्हणतात. उजाडण्यापूर्वी घरातील पोरे, बापे, कधी म्हातारीही ते मेढे उचलतात आणि गावाच्या शिवेकडे निघतात. जाताना प्रत्येक जण मोठ्याने ओरडतो आणि घरातले, अंगातले, गोठ्यातले जे जे नकोसे आहे ते ते नारबोदीला घेऊन जायला सांगतो. खोकला, खरूज, ताप, ढेकूण, डास. शिवेपलीकडे मेढे टाकायचे आणि घरी परतायचे. पूजा नाही, पुरोहित नाही, कहाणी नाही, उपास नाही. सगळा विधी आवाजाचा आहे.

साहित्याच्या दृष्टीने पाहिल्यास त्या आरोळीची घडण विलक्षण साधी व तितकीच कार्यक्षम आहे. एक ठरलेला सांगाडा आणि त्यात एक मोकळी जागा. सांगाडा परंपरेचा, जागा ज्याची त्याची. मिल्मन पॅरी आणि आल्बर्ट लॉर्ड यांनी दक्षिण स्लाव्ह गायकांचा अभ्यास करून मौखिक काव्य ठरीव साच्यांवर कसे उभे राहते ते दाखविले. लॉर्ड यांचा ग्रंथ १९६० चा. पदव्युत्तर वर्गात आम्ही तो सिद्धांत शिकवितो आणि उदाहरणे बाल्कन देशांतली देतो. खरे म्हणजे प्रतापगडच्या गल्लीत पहाटे पाच वाजता आठ वर्षांचे पोरगे त्या साच्यात स्वतःचा शब्द बसवीत धावत असते. आजीने खोकला घातला तिथे ते परीक्षा घालते. बाप तुडतुडा घालतो, कारण धानावर तुडतुडा पडला आहे. कोणी व्याज घालतो, कोणी दारू. त्या मोकळ्या जागेत त्या वर्षीचा गाव असतो. एखाद्याने दरवर्षी शिवेवर उभे राहून ते शब्द नुसते उतरवून घेतले असते, तर गावाचा इतिहास वेगळा लिहायची गरज पडली नसती.

आणि त्या पळसाच्या फांदीला चेहरा नसतो. माझ्या म्हणण्याचा गाभा हाच आहे.

नागपूरला येताच तिला चेहरा येतो. तेथील काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी मारबत १८८५ पासून निघते असे सांगितले जाते. मोठाल्या पुतळ्यांची मिरवणूक, सोबत बडगे, हजारोंची गर्दी आणि शेवटी दहन. देशभरातून लोक पाहायला येतात. तिची सर्वपरिचित उपपत्ती अशी, की काळी मारबत म्हणजे भोसले घराण्यातील बांकाबाई. १८५७ च्या उठावात तिने इंग्रजांची बाजू घेतली, म्हणून लोकांचा रोष. कोणी पूतना राक्षसीचीही कथा सांगतात. दोन्ही कथांत एक गोष्ट समान आहे. जळते ती बाई.

इतिहासाची साधी उजळणी केली तरी या उपपत्तीत काहीतरी खटकते. तिसरे रघुजी १८५३ मध्ये निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. बांकाबाई ही दुसऱ्या रघुजींची विधवा. १८५७ मध्ये ती वृद्ध होती आणि १८५८ मध्ये तिचे निधन झाले. काळ्या मारबतीचा आरंभ १८८१ चा मानला, तर तेव्हा तिला जाऊन २३ वर्षे झालेली होती. राज्य गिळणारे धोरण गव्हर्नर जनरलचे, सही त्याची, फौज त्याची. ते सारे नावानिशी ठाऊक असताना दीडशे वर्षे लोकस्मृतीत उरली ती एक म्हातारी विधवा. तिने घेतलेल्या बाजूचे समर्थन मी करीत नाही. एवढेच म्हणते, की दोषाचा हिशेब मांडताना आपण सर्वांत सोपा चेहरा निवडला. आणि बांकाबाईचे नावही ज्यांनी कधी ऐकले नाही अशा आमच्या खेड्यांतून नारबोद त्याच दिवशी निघते, याचा अर्थ प्रथा कथेवर अवलंबून नाही. मोकळ्या जागेत कथा कोणीतरी बसविली आणि तिथे ती पक्की झाली.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. नागपूरच्या मिरवणुकीतील बडग्यांचे काय? महागाई, भ्रष्टाचार, दहशतवाद, कधी एखादे सरकारी धोरण, कधी एखादा पुढारी, असे त्या त्या वर्षीचे विषय त्यांत असतात. दुबळ्याला सबळाची खिल्ली उडविण्याची एवढी एकच पहाट मिळत असेल, तर तिथेही चेहरा पुसा म्हणणे म्हणजे उपरोधाची जीभ कापणे नव्हे काय? आक्षेप मला मान्य आहे. पोळ्याच्या झडत्यांतही नावे घेतली जातातच आणि ती घेतली जावीत. तेव्हा माझे म्हणणे थोडे नेमके करते. ज्याला उलट बोलता येते, ज्याच्यापाशी सत्ता, वृत्तपत्रे आणि वकील आहेत, त्याचा चेहरा खुशाल करावा. ज्याला उलट बोलता येत नाही त्याचा करू नये. गेलेली विधवा उलट बोलू शकत नाही.

जिवंत विधवाही पुष्कळदा बोलू शकत नाही, आणि इथे हा विषय गमतीचा राहत नाही. ताप कोणी आणला, गाय का आटली, मूल का दगावले, या प्रश्नांना 'नारबोद' हे उत्तर देणारी गावे आमचीच आहेत. आणि त्याच प्रश्नांना एखाद्या शेजारणीचे नाव उत्तर म्हणून देणारी गावेही आमचीच आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातील एका गावात जादूटोण्याच्या संशयावरून सात जणांना भरचौकात बांधून मारहाण झाली. त्यांत वृद्ध स्त्रिया होत्या. पूर्व विदर्भातील वृत्तपत्रे वाचणाऱ्याला हे एकमेव उदाहरण नाही हे सांगावे लागत नाही. पीडा घालवायची तीच इच्छा, तोच गाव, तोच हंगाम. मोकळ्या जागेत आजाराऐवजी माणूस बसविला, एवढाच फरक.

याच महिन्यात आणखी एक दिवस येतो. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. वर्षानुवर्षे रखडलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याचा अध्यादेश त्यानंतर काही दिवसांतच निघाला आणि त्या वर्षअखेर विधिमंडळाने कायदा संमत केला. २०१८ पासून विज्ञान चळवळीतील संघटना २० ऑगस्ट हा राष्ट्रीय वैज्ञानिक दृष्टिकोन दिन म्हणून पाळतात. हत्ती दिन आणि कुत्र्यांच्या दिवसाच्या मधली ती तारीख माझ्या विद्यार्थिनीच्या यादीत नव्हती. साहजिकच आहे, ती गमतीदार नाही. पण नारबोद आणि २० ऑगस्ट हे दोन दिवस मला एकमेकांचे विरोधक वाटत नाहीत. अंधश्रद्धा म्हणून नारबोद मोडीत काढावी असे म्हणणाऱ्या सहकाऱ्यांशी माझा वाद याच मुद्द्यावर आहे. पळसाची फांदी टाकल्याने ताप जात नाही, हे टाकणाऱ्यालाही ठाऊक असते. दुपारी तो आरोग्य केंद्रात जातोच. त्या आरोळीने साधते ते एवढेच, की दुखणे मोठ्याने, सर्वांदेखत, कोणावरही आळ न घेता उच्चारले जाते. एवढे साधणारे वाङ्मय आपल्याकडे फार नाही.

त्या प्रतापगडच्या मुलीला मी तिच्याच गावची नारबोद लिहून आणायला सांगितले. चार पानांचे टिपण तिने आणले. त्यातील दोन गोष्टी माझ्या मनात राहिल्या. पहिली अशी, की मागे एकदा गल्लीतल्या पोरांनी मस्करीत, एकट्या राहणाऱ्या एका बाईचे नाव आरोळीत घातले. तेव्हा हिच्या आजीने पुढे होऊन त्यांना थांबविले आणि म्हटले, "मानसाचं नाव नोको घेऊ, बापू." आजीने कारण सांगितले नाही. आजीला कायद्याचे कलम ठाऊक नसावे; पण वर मी दोन पाने खर्चून जे सांगितले ते तिने पाच शब्दांत सांगितले होते. हा काही सगळ्या मुलखाचा नियम आहे असा माझा दावा नाही. एका म्हातारीची ती समज होती, आणि ती टिकावी असे वाटते.

दुसरी गोष्ट टिपणाच्या शेवटी प्रश्नाच्या रूपात होती. "मॅडम, आम्ही पीडा शिवेपलीकडे टाकतो. पण शिवेपलीकडे तर दुसरे गाव आहे. मग त्यांचे काय?" मला या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. डासाला शीव नसते आणि तुडतुडा बांध ओलांडून जातो. ज्या गावात महाशिवरात्रीला डोंगरावरच्या महादेवाच्या यात्रेला आलेली माणसे ख्वाजा उस्मान गनी हारुनींच्या दर्ग्यावरही माथा टेकून जातात, त्या गावच्या मुलीला 'आपली हद्द' आणि 'त्यांची हद्द' हा हिशेब अपुरा वाटावा, यात नवल नाही. प्रथेवर प्रेम करणारा माणूसच प्रथेला असा प्रश्न विचारू शकतो. फलकापुढे फोटो काढून घेणाऱ्याला असले प्रश्न पडत नाहीत.

म्हणून वाचकांपैकी जे शिक्षक आहेत त्यांना माझी विनंती आहे, ती नवा 'दिन' सुरू करण्याची नाही. 'जागतिक नारबोद दिन' असा फलक पाहण्याची माझी इच्छा नाही. विनंती एवढीच, की लोकसाहित्याच्या तासाला आपापल्या तालुक्यातील असा एखादा दिवस वर्गात यावा. तो कौतुकाचा विषय म्हणून येऊ नये, पाठ्य म्हणून यावा. कवितेला लावतो ते सर्व प्रश्न त्याला लावावेत. सांगाडा कोणता, मोकळी जागा कोणती, ती कोण भरतो, कोणाला भरू दिली जात नाही, आणि कोणाला तिथे भरले जाते. आणि टिपणे मुलांना त्यांच्या बोलीत लिहू द्यावीत. झाडीबोलीत लिहिलेले टिपण लाल शाईने प्रमाण मराठीत आणण्याची घाई मीही पुष्कळ वर्षे केली. त्या घाईनेच मुलांना शिकविले की त्यांच्या घरी घडते ते 'दिवस' या नावाला पात्र नसते. "आपल्याकडे असे दिवस का नाहीत" या प्रश्नाला आमची लाल शाईही जबाबदार आहे.

पुढल्या पोळ्यानंतर मी वर्गात एक साधा प्रयोग केला. प्रत्येकाने नारबोदीच्या साच्यात आपली एक ओळ लिहायची. नियम एकच: माणसाचे नाव नको, फार तर अशाचे घ्या, ज्याला तुम्हाला उत्तर देता येईल. चिठ्ठ्या जमल्या. गुडघेदुखी होती, न येणारी शेवटची बस होती, बापाची बाटली होती, इंग्रजीचा पेपर होता, आणि एकाने मोबाइलच नेऊन टाक म्हटले होते. कोणाचेही नाव नव्हते.

प्रतापगडच्या मुलीची चिठ्ठी मी शेवटी उघडली. तिने नारबोदीला शेजारच्या गावाचा ताप न्यायला सांगितला होता.